जाणूनबुजून एचआयव्ही दिल्याची शिक्षा आणि अपील : भावासाठी विचारणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. उत्तर देण्याआधी तुमची हकिकत मला जशी समजली तशी मांडतो, म्हणजे काही चुकले असेल तर तुमच्या लक्षात येईल.

तुमच्या धाकट्या भावाला २०१६ मध्ये टीबी झाला. त्या वेळी ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले आणि तो एचआयव्हीबाधित असल्याचे कळले. एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. २०१८ च्या मे महिन्यात लग्न झाले. मुलीकडच्यांना 'टीबी झाला होता, आता बरा आहे' एवढेच सांगितले होते. लग्नानंतर घरात कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने काही महिने गोळ्या बंद ठेवल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये वहिनी गरोदर असताना नेहमीच्या तपासणीत बाधित निघाल्या. बाळाची अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. वहिनींनी फिर्याद दिली आणि खटला चालला. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी ४९८-अ मधून, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमातून, त्याला सोडले, पण भारतीय दंड विधान कलम २७० (घातकीपणाने रोग पसरवणे) खाली दोन वर्षे आणि कलम ४२० (फसवणूक) खाली तीन वर्षे सक्तमजुरी व दंड ठोठावला. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या आहेत. निकालाला तीन आठवडे झाले. अपिलासाठी तीस दिवस शिक्षा थांबवून त्याला जामीन दिला आहे. नवे वकील सुचवतात की अपिलात वहिनींच्या चारित्र्याचा मुद्दा घ्यावा. तुम्ही विचारता, घ्यावा का, आणि अपिलात खरोखर काय मिळू शकते?

चारित्र्याचा मुद्दा घेऊ नका. कारणे पुढे येतीलच, पण तीस दिवसांतले एकवीस संपलेत, त्यामुळे आधी घाईचे सांगतो.

दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर अपील सत्र न्यायालयात जाते आणि मुदत तीस दिवसांची असते. निकालपत्राच्या नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यातून वगळले जातात. आरोपीला निकालाची एक प्रत त्याच दिवशी मोफत मिळायला हवी. ती मिळाली असेल तर नकलेचे दिवस मोजत बसू नका, याच आठवड्यात अपील दाखल करा. विलंब माफ होतो, त्याची तरतूद आहे. पण जामीन तीस दिवसांपुरता आहे हे विसरू नका. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज हवा आणि त्यावर सत्र न्यायालयाचा आदेश तिसावा दिवस उलटायच्या आत हवा. नाहीतर अपील दाखल असूनही भाऊ आत जाईल. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अपील लवकर ऐकले जाण्याची शक्यता नसेल, तर स्थगिती उदारपणे द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई खटल्यात म्हटले आहे. खटलाभर जामिनावर राहिलेल्या, तारखा न चुकवलेल्या माणसाला ती सहसा मिळते.

कलमांच्या आकड्यांनी गोंधळू नका. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून गुन्हा जुन्या दंड विधानाखालीच राहतो. त्यातली रोग पसरवण्याची २६९ आणि २७० ही कलमे आता भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या दंड कायद्यात, २७१ आणि २७२ म्हणून आहेत. अपील मात्र आता दाखल होत असल्याने त्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याची, कलमे घालावी लागतील: अपिलाला ४१५, स्थगितीला ४३०. मी अशा अपिलांत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३७४ आणि ३८९ सुद्धा शेजारी लिहितो. मजकूर जवळपास सारखाच आहे, कारकुनाच्या आक्षेपात चार दिवस जायला नकोत.

दुसरे घाईचे काम गोळ्यांचे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाला निकालाच्या दिवशी कोर्टातून थेट कारागृहात नेले. त्याची एआरटीची पुस्तिका घरी कपाटात राहिली आणि गोळ्या हातात पडायला अकरा दिवस गेले. अशा खंडाने औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होऊ शकतो. त्या अकरा दिवसांचा दोष मी स्वतःकडे घेतो, कारण ती पुस्तिका मी मागून ठेवायला हवी होती. तेव्हापासून निकालाच्या प्रत्येक तारखेला पुस्तिका आणि महिनाभराच्या गोळ्या पिशवीत घेऊनच अशिलाने यायचे, असा माझा नियम आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने कोठडीतल्या माणसालाही उपचाराचा हक्क दिला आहे. शिक्षा देताना, उपचाराची सोय कुठे आहे हे पाहून कारागृह ठरवावे असेही तो कायदा न्यायालयाला सांगतो. पण तो हक्क तिथे उभे राहून मागावा लागतो.

तिसरे, नाव. याच कायद्याच्या कलम ३४ खाली बाधित व्यक्तीचे नाव दडवून, गरज पडल्यास बंद दालनात, सुनावणी घ्यावी असा अर्ज करता येतो. अपील मेमोच्या, म्हणजे अपिलाच्या अर्जाच्या, पहिल्या पानावर पूर्ण नाव आणि गाव घालण्याआधी हा अर्ज द्या. निकालपत्रे आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर चढतात आणि नाव टाकले की कुणालाही सापडतात. हे संरक्षण फक्त भावापुरते मागू नका, वहिनींसाठीही मागा. त्याही बाधित आहेत आणि त्यांना उद्या नोकरी करायची आहे, बाळाला शाळेत घालायचे आहे. त्याच कलमाने असे खटले प्राधान्याने निकाली काढण्याचेही बंधन न्यायालयावर घातले आहे. अपील तीन-चार वर्षे पडून राहणार असे दिसले तर तेही वापरा.

आता मुख्य मुद्दा. निकालपत्राचा जो भाग तुम्ही उतरवून पाठवला, त्यातली साखळी अशी आहे: आरोपीला २०१६ पासून माहीत होते, फिर्यादी २०१९ मध्ये बाधित निघाली, म्हणून आरोपीने घातकीपणाने रोग पसरवला. तीन वाक्ये आणि शिक्षा. मी पाहिलेल्या अशा बहुतेक निकालांत हीच उडी असते. माहिती असणे, धोका असलेली कृती करणे आणि घातकी हेतू असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पक्षाने त्या तिन्ही वेगवेगळ्या सिद्ध करायच्या असतात. अपील या तिघांच्या मधल्या फटींवर उभे राहते.

कलम २७० काय सांगते ते नीट पाहा. जीवाला धोकादायक अशा रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेली कृती, तसा संभव आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना, घातकीपणाने करणे. शेजारच्या २६९ मध्ये हाच सारा मजकूर आहे, फक्त 'घातकीपणाने' ऐवजी 'बेकायदा किंवा हयगयीने' आहे. २६९ ला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, २७० ला दोन वर्षांपर्यंत. दोन कलमांतला सगळा फरक त्या एका शब्दात आहे. तुमच्या भावाच्या निकालपत्रात त्या शब्दावर एक ओळसुद्धा नाही. बायकोचे वाईट व्हावे म्हणून त्याने हे केले, असे एकाही साक्षीदाराने म्हटलेले नाही. फिर्यादीत वहिनी स्वतःच सांगतात की तो लग्नाआधी दोनदा 'इतक्यात नको' म्हणाला होता आणि घरच्यांनी रेटले. हे भीतीचे आणि भ्याडपणाचे वागणे आहे. ते चुकीचे होते, त्याने एका बाईचे आयुष्य बदलून गेले. पण कायद्याच्या भाषेत ते घातकीपण नव्हे. २७० वरून २६९ वर आणणे हा माझ्या मते तुमच्या अपिलातला सर्वात भक्कम मुद्दा आहे. मोठ्या गुन्ह्याच्या आरोपातून लहान गुन्ह्यात शिक्षा बदलण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, आणि त्यासाठी नवा दोषारोप लागत नाही.

नव्या वकिलांना इथला जुना इतिहास दाखवा, कारण त्यातला एक निकाल आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे. १८८३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर कृष्णप्पा नावाच्या माणसाचा खटला आला. पटकी झालेली असताना रेल्वेवाल्यांना न सांगता तो आगगाडीने गेला, आणि २६९ लागू झाले. तीन वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयासमोर रखमा नावाच्या स्त्रीचा खटला होता. गरमीचा रोग असताना तिने एका पुरुषाशी संबंध ठेवला आणि त्याला रोग झाला. न्यायालय म्हणाले, २६९ लागत नाही. तिच्या एकटीच्या कृतीने संसर्ग पसरत नाही, मध्ये त्या पुरुषाची स्वतःची, जबाबदार माणसाची कृती आहे. मात्र तिने खोटे सांगून त्याला प्रवृत्त केले असेल, तर फसवणुकीचे कलम ४१७ लागू शकते. आगगाडीतल्या प्रवाशांना काही ठरवायचे नव्हते, इथे दुसऱ्याने काही ठरवले होते, असा तो फरक.

हा निवाडा दुधारी आहे, तेही सांगून ठेवतो. २६९-२७० साठी तो तुमच्या बाजूचा, पण त्याच दमात तो ४१७ कडे बोट दाखवतो. शिवाय ज्या बायकोला काहीच माहीत नव्हते तिने 'जबाबदारीने ठरवले' असे म्हणायला मला तरी जड जाते, आणि न्यायाधीशांनाही जाईल. म्हणून रखमाचा निवाडा कायद्याचा मुद्दा म्हणून नोंदवा, त्यावर सारा भार टाकू नका.

सरकारी वकील यावर मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल काढतील. त्यात म्हटले होते की बाधित माणसाने लपवून लग्न केले तर २६९ आणि २७० लागू होतील, आणि तो बरा होईपर्यंत त्याचा लग्नाचा हक्कच स्थगित राहतो. तो खटला मुळात फौजदारी नव्हता. रुग्णालयाने गोपनीयता मोडली म्हणून भरपाई मागणारा होता. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की लग्नाच्या हक्काबद्दलचे ते भाष्य त्या प्रकरणात अनावश्यक होते. १९९८ चा निकाल समोर आला की २००२ चा लगेच पुढे करा. कितीतरी कोर्टांत पहिला वाचला जातो आणि दुसरा कुणी काढतच नाही.

'पसरण्याचा संभव' हा भाग पुराव्याने सिद्ध करावा लागतो, गृहीत धरता येत नाही, यासाठी दोन निकाल उपयोगी आहेत. करोनाच्या काळात म्यानमारच्या आठ नागरिकांवर २६९-२७० लावले होते. नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२० मध्ये गुन्हा रद्द केला. त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या आणि संसर्ग पसरेल अशी कोणती कृती त्यांनी केली याचा पुरावाच नव्हता. दुसरा, नोव्हेंबर २०२० चा दिल्ली उच्च न्यायालयाचा, न्यायमूर्ती विभू बाखरू यांचा. तिथे आरोपीवर बलात्काराचा भयंकर गुन्हा सिद्ध झाला होता, ती शिक्षा कायम राहिली. पण तो बाधित होता म्हणून खालच्या कोर्टाने लावलेले खुनाच्या प्रयत्नाचे कलम ३०७ रद्द झाले. संसर्गाची शक्यता किती, याचा कुठलाच पुरावा समोर नव्हता हे त्यामागचे एक कारण. तिथल्या आरोपीबद्दल कुणाला कळवळा वाटण्याचे कारण नव्हते, तरी न्यायालयाने शास्त्राचा पुरावा मागितला. म्हणूनच मला तो निकाल महत्त्वाचा वाटतो. पण पूर्ण वाचा. त्यात २७० लागू होऊ शकते असेही सूचित केले आहे.

इथे नेहमी एक मोठा मुद्दा असतो, आणि तुमच्या प्रकरणात तो जपून वापरावा लागेल. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्याच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आता वादाचे राहिलेले नाही. एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती. त्यात पुणे आणि चेन्नई इथलीही होती, पुण्याचे काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून झाले. २०११ मध्ये कळले की लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासाच्या दोन टप्प्यांत, २०१६ आणि २०१९ मध्ये, निरोधाविना झालेल्या लाखाहून अधिक संबंधांत अशा जोडीदाराकडून एकही लागण झालेली आढळली नाही. ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबलेला होता अशा माणसाला २७० खाली शिक्षा झाली असेल, तर 'पसरण्याचा संभव' हा गुन्ह्याचा पायाच उरत नाही. अमेरिकेत आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ऱ्होड्स खटल्यात जवळपास याच कारणाने दोषसिद्धी उलटवली. त्या माणसाने निरोध वापरला होता, विषाणू सापडत नव्हता, लागण झालीच नव्हती, आणि तरी त्याला पंचवीस वर्षे सुनावली होती.

पण तुमच्या भावाने लग्नानंतर गोळ्या थांबवल्या होत्या. एआरटी केंद्राच्या नोंदवहीत प्रत्येक भेटीची तारीख असते आणि उरलेल्या गोळ्या मोजून लिहितात. ती वही सरकारी पक्षाने खटल्यात आणली नाही. तुमचे वकील 'तो उपचारावर होता' असा मुद्दा घेऊन अपिलात जादा पुरावा मागायला गेले, तर तीच वही न्यायालयासमोर येईल आणि खंड उघडा पडेल. वकिलाने खोटा मुद्दा घ्यायचा नसतो हे तर आहेच, पण इथे तो अंगावरही येईल. म्हणून आधी भावाला शांतपणे बसवा आणि महिनावार लिहून काढा: गोळ्या कधी सुरू झाल्या, लग्नाआधी नियमित होत्या का, नेमक्या कोणत्या तारखेला थांबल्या, पुन्हा कधी सुरू झाल्या. हा कागद फक्त वकिलाकडे द्या. खंड दोन महिन्यांचा होता की सात, यावर पुढचे बरेच ठरेल. तुमच्याच सांगण्यात 'काही महिने' आहे, आणि अपील 'काही महिन्यां'वर लिहिता येत नाही.

चारित्र्याच्या मुद्द्याकडे येतो. वकील म्हणतात, वहिनींना लागण दुसरीकडून झाली असे सुचवायचे. या वाटेने मी स्वतः एकदा गेलो होतो. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. फिर्यादी बाईला उलटतपासणीत मी तीन प्रश्न विचारले, माहेरी कोण येत-जात असे याबद्दलचे. तिने उत्तर दिले नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. तो खटला मी हरलो, आणि हरायलाच हवा होता. ते प्रश्न विचारायला माझ्याकडे कुठलाही आधार नव्हता.

नीतीची बाजू घटकाभर सोडली तरी हा मुद्दा कायद्यानेही कुचकामी आहे. २६९ आणि २७० ला प्रत्यक्ष लागण व्हावीच लागत नाही, पसरण्याचा संभव असलेली कृती पुरते. लागण दुसरीकडून झाली असे उद्या सिद्ध झाले तरी त्या कलमातून भाऊ सुटत नाही. म्हणजे वहिनींना दुखवून हाती काही येत नाही. उलट ज्या न्यायाधीशांकडे आपण शिक्षा कमी करा म्हणून जाणार, त्यांच्या मनात आरोपीला पश्चात्ताप नाही एवढेच ठसते.

लागण भावापासूनच झाली हे पुराव्याने सिद्ध झाले नाही, हा मुद्दा मात्र कुणाच्या अब्रूला हात न लावता घेता येतो आणि घ्यावा. लग्नाआधी वहिनींची तपासणी झालेली नव्हती, एवढे एक वाक्य पुरे. शिक्षेच्या प्रमाणाला त्याचा उपयोग होतो, कारण दंडाधिकाऱ्यांनी पूर्ण दोन वर्षे देताना 'आरोपीमुळेच' असे गृहीत धरले आहे. विषाणूंच्या जनुकीय तुलनेची मागणी कुणी सुचवली तर थांबा. २०१८ मध्ये वीस शास्त्रज्ञांनी फौजदारी खटल्यांसाठी म्हणून एक संयुक्त निवेदन काढले. त्यात सांगितले आहे की अशा तुलनेने दोघांचे विषाणू जवळचे नाहीत हे दाखवून एखाद्याला निर्दोष ठरवता येते, पण कोणाकडून कोणाला गेला हे तेवढ्यावरून निर्विवाद सिद्ध होत नाही. विषाणू जवळचे निघाले तर मात्र समोरच्या बाजूच्या हातात एक भारी वाटणारा कागद पडेल. तुमच्या हकिकतीत ही तपासणी मी मागणार नाही.

४२० बद्दल. या कलमाला फसवून मालमत्ता द्यायला लावणे लागते. लग्नाला होकार मिळवणे म्हणजे मालमत्ता मिळवणे नव्हे. वहिनींच्या वडिलांची साक्ष काढून वाचा. सोने, रोख, संसारोपयोगी वस्तू लपवाछपवीमुळे भावाच्या हाती दिल्या असे त्यांनी सांगितले आहे का? ४९८-अ मधून सुटका झाली आहे, म्हणजे मागणीचा भाग दंडाधिकाऱ्यांना पटलेला नाही. साक्षीत मालमत्तेचे काही नसेल तर ४२० टिकणे कठीण. पण ते पडले की खाली ४१७ आहे, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा. महत्त्वाची गोष्ट दडवून कुणाला असे काही करायला लावणे, जे तिने एरवी केले नसते आणि ज्याने तिच्या शरीराला हानी झाली, हे ४१७ च्या व्याख्येत बसते. यातून पूर्ण सुटका होईल असे मी तुम्हाला सांगणार नाही. बोलणी कुणी केली, 'टीबी बरा झाला' हे शब्द कुणाचे होते, भाऊ तेव्हा समोर होता का, यावर थोडी जागा आहे. पण ते शब्द आईचे किंवा तुमचे असतील तर बोट तुमच्याकडे वळेल, हे ओळखून मुद्दा घ्या.

पुराव्याच्या कागदांवर एक दिवस नीट खर्च करा. २०१६ चा तपासणी अहवाल निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांकित कागद, म्हणून दाखल झाला, पण सिद्ध कुणी केला? ग्रामीण रुग्णालयाच्या तपासणी केंद्रातल्या समुपदेशकाला किंवा तंत्रज्ञाला साक्षीला बोलावले होते का? सरकारी रासायनिक विश्लेषकासारख्या ठरावीक तज्ज्ञांचा अहवाल साक्षीशिवाय चालतो, या केंद्राचा तसा चालत नाही. तुमच्या आधीच्या वकिलांनी तो कबूल केला असेल तर मुद्दा संपला. रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, बघा. समुपदेशकाची साक्ष आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. आजार आहे हे कळणे वेगळे, आणि तो कसा पसरतो, गोळ्या थांबवल्याने काय होते हे समजावून सांगितले जाणे वेगळे. दुसऱ्याचा पुरावा नसेल तर 'माहीत असताना' हा भागही सैल पडतो. मग आरोपीचा जबाब, जुने कलम ३१३, पाहा. समुपदेशन झाले होते, गोळ्या चालू होत्या, असे प्रश्न त्याला विचारले होते का? जी परिस्थिती आरोपीला जबाबात विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालापासून पक्के आहे. पोलिसांनी अहवाल न्यायालयाच्या आदेशाविना मिळवला असेल तर गोपनीयतेचा भंग जरूर नोंदवा. पण तेवढ्याने पुरावा बाद होईल अशी आशा धरू नका. आपल्याकडे बेकायदा मिळवलेला पुरावाही बहुधा वाचला जातो.

तर नेमके काय मागायचे? पहिली मागणी निर्दोष सुटकेची असेल, ती असावीच. पण खरा भर मी पर्यायी मागणीवर देईन: २७० ऐवजी २६९, ४२० ऐवजी ४१७, आणि शिक्षेऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका. हा आदेश अपील न्यायालयही देऊ शकते. पहिलाच गुन्हा, नियमित उपचार, परिवीक्षा अधिकाऱ्याचा चांगला अहवाल असेल तर हे अवास्तव नाही. दंडाधिकाऱ्यांनी परिवीक्षा का नाकारली याची कारणे दिली नसतील, तर तोही अपिलातला मुद्दा. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढत नाही, ती भीती ठेवू नका. वाढ हवी असेल तर सरकारला वेगळे अपील करावे लागते. अपुऱ्या शिक्षेवर फिर्यादीला अपील करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अपुऱ्या भरपाईवर मात्र करता येते. सत्र न्यायालयात अपयश आले तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन). तुम्ही सांगलीचे, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर जाता येईल. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

तडजोडीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कुणीतरी सुचवेलच. फसवणुकीचे कलम न्यायालयाच्या परवानगीने अपिलातही मिटू शकते, २६९-२७० मिटत नाहीत. वहिनींच्या दारात नातेवाईक पाठवून 'केस मागे घे' म्हणणे मात्र कटाक्षाने टाळा. त्यांनी एक अर्ज दिला की स्थगितीचा जामीन जाईल.

भरपाईचे मात्र स्वतःहून करा. शिक्षेवर सुनावणी व्हायच्या आधी भावाने झेपेल तेवढी रक्कम वहिनी आणि बाळासाठी न्यायालयात जमा करावी, कुठलीही अट न घालता. ती थेट त्यांच्या हाती न देता न्यायालयामार्फत द्या, म्हणजे दबावाचा आरोप येणार नाही. त्यांना आता आयुष्यभर रोज गोळी घ्यायची आहे. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते, पण दर महिन्याचा प्रवास, बुडालेली मजुरी, आहार आणि इतर तपासण्या यांचा खर्च त्यांच्याच माथी आहे. न्यायाधीश ही रक्कम शिक्षा ठरवताना विचारात घेतील. घेतली नाही तरी ती द्यावी, असे मी तुमच्या भावाला समोर बसवून सांगितले असते.

सोमवारी वकिलांकडे जाताना निकालपत्र, सर्व साक्षींच्या नकला, रोजनामा, आरोपीचा जबाब, एआरटी पुस्तिका आणि तो महिनावार कागद एवढे घेऊन जा. भावालाही सोबत न्या.